नीटचे मार्क, रँक आणि एमबीबीएसची जागा

नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : "एवढ्या मार्कांना लागेल का?" शेजारचे काका, क्लासचे सर, व्हॉट्सॲपवरचे पालकांचे ग्रुप, सगळ्यांकडे उत्तर तयार असतं. बहुतेकांचं उत्तर मागच्या वर्षी अमक्याच्या मुलाला किती मार्कांवर कुठे मिळालं यावरून दिलेलं असतं, आणि गफलत तिथेच होते. नीटचे मार्क एका वर्षातून उचलून दुसऱ्या वर्षाला लावता येत नाहीत. लावायचा असतो तो रँक, म्हणजे अखिल भारतीय क्रमांक.

२०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. २०२४ च्या अंतिम निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे सतरा जण होते आणि ६५० मार्कांना रँक तीस हजारांच्या आसपास पडत होता. २०२५ ला फिजिक्सचा पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मार्क होते. ६५० च्या वर अख्ख्या देशात ७३ जण होते. त्याखाली ६०१ ते ६५० च्या टप्प्यात १,२५९, ५५१ ते ६०० मध्ये १०,६५८ आणि ५०१ ते ५५० मध्ये ३९,५२१. म्हणजे २०२४ ला ६५० मिळवलेला मुलगा जिथे उभा होता, तिथे २०२५ ला ५५० सुद्धा न मिळालेली मुलगी उभी होती. ज्या घरांनी २०२५ च्या निकालाच्या दिवशी ५३० बघून रडारड केली, त्यांनी थोडं थांबून रँक बघायला हवा होता.

याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती पुढच्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. ५०१ ते ५५० या पन्नास मार्कांत साडेएकोणचाळीस हजार मुलं, म्हणजे एकेका मार्कावर सरासरी आठशेच्या आसपास. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. एक प्रश्न बरोबर येण्याऐवजी चुकला तर फरक पाच मार्कांचा, आणि या पट्ट्यात पाच मार्क म्हणजे जवळजवळ चार हजार रँक. अंदाजाने गोल काळा करायचा मोह होतो तेव्हा हा हिशोब डोळ्यासमोर असू द्या.

आता 'क्वालिफाय' या शब्दाबद्दल. २०२५ ला खुल्या आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा १४४ मार्क होती, ओबीसी, एससी, एसटीसाठी ११३. बारा लाखांहून जास्त मुलं या रेषेच्या वर होती. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या घरात, आणि त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. पात्र झालेल्या दहांमागे एक जागा असा सरळ भागाकार आहे. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी मिळणं. निकालाच्या दिवशी "क्वालिफाय झाला" म्हणून पेढे वाटून झाल्यावर हे कळतं, तेव्हा त्या मुलाला फार वाईट वाटतं. त्यामुळे हे घरातल्या मोठ्यांना निकालाआधीच माहीत असलेलं बरं.

महाराष्ट्रातल्या मुलासाठी दारं दोन. एक दिल्लीचं : मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी. देशातल्या राज्य सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा, सगळी एम्स (आपल्याकडे नागपूरचं), आणि सगळी अभिमत विद्यापीठं या दारातून भरतात. दुसरं मुंबईचं : राज्याचा सीईटी सेल. सरकारी कॉलेजांतल्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांच्या जागा इथून. दोन्हीकडे वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळे पैसे भरावे लागतात. "आपल्याला बाहेर जायचंच नाही" म्हणून एमसीसीचा फॉर्म न भरणारी घरं मी दरवर्षी बघतो. अहो, जे.जे., केईएम, बी.जे. यांच्याही १५ टक्के जागा त्याच दारात आहेत. फॉर्म भरल्याने कुणी बिहारला नेऊन टाकत नाही, तुम्ही यादीत जी कॉलेजं लिहाल तीच मिळतात.

एमसीसीच्या १५ टक्क्यांत खुल्या प्रवर्गाची शेवटची सरकारी जागा गेली काही वर्षं वीस ते पंचवीस हजार रँकच्या दरम्यान जाते. ओबीसीचा शेवटचा रँक त्याच्या अगदी जवळ असतो, हे अनेक पालकांना धक्का देतं, कारण आपल्याकडे ओबीसी म्हणजे बरीच सूट असा समज आहे. ईडब्ल्यूएस थोडं पुढे जातं. एससी साधारण लाख-सव्वा लाखापर्यंत, एसटी त्याहूनही पुढे. केईएम, जे.जे.सारख्या ठिकाणी खुल्या प्रवर्गातून पोचायचं तर पहिल्या दोन-तीन हजारांतलीच भाषा करावी लागते. राज्याच्या ८५ टक्क्यांत स्पर्धा फक्त महाराष्ट्रातल्या मुलांशी असल्याने खुल्या प्रवर्गाचा शेवटचा रँक एमसीसीपेक्षा बराच पुढे सरकतो.

एक हिशोब मांडूनच दाखवतो. समजा, साताऱ्याची मुलगी, खुला प्रवर्ग, २०२५ ला ५०५ मार्क. वरची आकडेवारी बेरीज करून बघितली तर तिचा रँक पंचेचाळीस ते पन्नास हजारांच्या मध्ये पडतो. एमसीसीतून सरकारी जागेची आशा नाही, हे तिथेच स्पष्ट झालं. आता सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीची निवड यादी उघडायची. पहिल्या फेरीची नको, शेवटचीच. त्या यादीत प्रत्येक नावापुढे अखिल भारतीय रँक, प्रवर्ग आणि मिळालेलं कॉलेज असतं. मार्कांच्या रकान्यावर हात ठेवा. रँकच्या रकान्यावरून बोट खाली आणा आणि खुल्या प्रवर्गातून, मुलींच्या जागेवर, कुठल्या कॉलेजला शेवटचा रँक कितीचा लागला ते वहीत उतरवा. राज्यात मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे मुलींचा शेवटचा रँक वेगळा निघू शकतो. हीच मुलगी वर्षभर आधी, २०२४ ला, ५०५ मार्क घेऊन आली असती तर तिचा रँक दोन लाखांच्या आसपास असता आणि ही वही उघडायचीही गरज पडली नसती.

अशी वही दोन वर्षांची केलीत तर क्लासवाल्यांच्या 'प्रेडिक्टर'ची गरज राहत नाही. मात्र जुनी यादी घेताना मधल्या काळात काय बदललं हेही बघा. २०२० पर्यंत आपल्याकडे ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता आणि मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या मुलांचं गणित त्यावर फिरायचं. तो त्या वर्षी रद्द झाला. २०२४ ला मराठा समाजासाठी एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आलं. त्याच वर्षी नाशिक, जालना, बुलढाणा, हिंगोली, वाशिम, अमरावती, भंडारा, गडचिरोली, अंबरनाथ आणि मुंबईत मिळून दहा सरकारी कॉलेजं नव्याने सुरू झाली आणि नऊशे जागा वाढल्या. म्हणून २०२३ ची यादी जशीच्या तशी लावली तर अंदाज चुकतो.

प्रवर्गाच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवा : राज्याचा प्रवर्ग आणि केंद्राचा प्रवर्ग एकच असतो असं नाही. व्हीजे, एनटी हे आपले राज्यातले प्रवर्ग. दिल्लीच्या दारात यातल्या बहुतेक जाती ओबीसीत मोजल्या जातात, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं इंग्रजी प्रमाणपत्र लागतं. एसईबीसी केंद्रात नाहीच. मराठा समाजातला मुलगा राज्यात एसईबीसीतून अर्ज करील, पण एमसीसीकडे तो खुल्यात किंवा उत्पन्नात बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये असेल. कुणबी नोंद असेल तर गोष्ट वेगळी. हे सगळे कागद दोन वेगळ्या नमुन्यांत, दोन वेगळ्या दारांसाठी हाताशी हवेत.

त्याहून मोठा घोळ होतो तो बारावीच्या पत्त्याचा. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. केंद्र आणि राज्य सरकारी नोकरीतल्या बदल्यांमुळे बाहेर शिकलेल्या मुलांना काही अपवाद आहेत, पण ते नियमात बसले तरच. कोटा किंवा हैदराबादला जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे सांगताना मला खरोखर काळजी वाटते. मुलगा हुशार, दोन वर्षं घरापासून लांब राहून अभ्यास केलेला, रँकही चांगला, आणि बारावीचा फॉर्म राजस्थानातल्या शाळेतून भरलेला. आपल्याच राज्यातल्या ८५ टक्के जागा त्याच्यासाठी बंद होतात. क्लास कुठेही लावा, बारावीचं कॉलेज मात्र महाराष्ट्रातलंच ठेवा. अकरावीचा प्रवेश घेतानाच हे ठरवावं लागतं, बारावीच्या डिसेंबरात काही हाती उरत नाही.

सीमाभागातल्या मराठी कुटुंबांसाठी एक वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना सीमाभागाच्या कोट्यातून काही जागा असतात. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या पालकांनी माहितीपुस्तिकेतलं ते पान आवर्जून वाचावं. गोव्याचं गणित लहान आहे : बांबोळीचं एकच सरकारी मेडिकल कॉलेज, आणि राज्याच्या जागांसाठी तिथल्या वास्तव्याची अट.

आता पैशाचं बोलू. हे बोलणं पालक शेवटपर्यंत टाळतात आणि मग मुलाला जागा मिळाल्यावर रात्रभर जागतात. सरकारी कॉलेजची फी वर्षाला साधारण दीड लाखाच्या आसपास. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. सात-आठ लाखांपासून पुढे धरा. खासगीतल्या १५ टक्के संस्थात्मक कोट्यात ती अनेक पट होते. अभिमत विद्यापीठांत वर्षाला पंचवीस-तीस लाखांच्या घरात. फी साडेचार वर्षांची भरावी लागते. आठ लाखांच्या खासगी कॉलेजचे ३६ लाख झाले, पंचवीस लाखांच्या अभिमतचे एक कोटी साडेबारा लाख. वसतिगृह, मेस, पुस्तकं वेगळी. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना राज्याने २०२४ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या जागेला मिळते, अभिमत विद्यापीठाला किंवा संस्थात्मक कोट्याला नाही. त्यामुळे खासगी कॉलेज परवडणार नाही म्हणून मुलीचं नाव यादीतून काढण्याआधी हा शासन निर्णय वाचा.

पुण्या-मुंबईतलं महागडं कॉलेज की हिंगोली, गडचिरोलीचं नवं सरकारी, असा प्रश्न आला तर माझं मत स्पष्ट आहे : सरकारी घ्या. नव्या कॉलेजात इमारत अपुरी असेल, काही विभागांत शिक्षक कमी असतील, हे खरं आहे. पण जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात रुग्ण असतात, आणि डॉक्टर रुग्णांच्या खाटेशी उभं राहूनच घडतो. पुढे पीजीची परीक्षा सगळ्यांना एकच आहे. घरावर कर्ज नसलेला डॉक्टर पीजीची शाखा आपल्या आवडीने निवडतो, हा फरक मी माझ्या परिचयातल्या मुलांमध्ये पाहिला आहे. सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर एक वर्षाची सामाजिक सेवा, म्हणजे बॉन्ड, असते. ती न केल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात. एमसीसीतून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला बॉन्ड किती वर्षांचा, किती रकमेचा हे यादीत नाव घालण्याआधी बघा. काही राज्यांत तो आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे.

पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना लोक सगळ्यात जास्त चुकतात. "वरचं मिळणारच नाही, मग मिळण्यासारखं पहिलं टाकू" हा विचार मनातून काढून टाका. संगणक रँकप्रमाणे एकेका मुलाकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली बघत जातो; पहिलं रिकामं सापडलं की ते देतो. वरची दहा न मिळाल्याने अकराव्याची संधी कमी होत नाही. तेव्हा जे कॉलेज खरंच हवं ते वर, त्याहून कमी हवं ते त्याखाली, असा साधा क्रम लावा. आणि जिथे मिळालं तरी जाणार नाही, किंवा फी भरता येणार नाही, ते लिहूच नका.

फेऱ्यांचे नियम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत परत मिळते; दुसऱ्या फेरीत मिळालेल्या जागेवर गेला नाहीत तर अनामत जाते. सरकारी कॉलेजांसाठी ही अनामत खुल्या प्रवर्गाला दहा हजार आहे, पण अभिमतसाठी दोन लाख. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की बाहेर पडता येत नाही. आणि 'बेटरमेंट' घेऊन पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळालं तर जुनी जागा त्याच क्षणी जाते, ती राखून ठेवता येत नाही. सीईटी सेलचे स्वतःचे नियम आहेत आणि ते वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका छापून घ्या आणि घरातल्या दोघांनी वाचा.

रँक सरकारी आणि परवडणाऱ्या खासगीच्या पलीकडे असेल तर? नीटच्याच गुणांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीला प्रवेश मिळतात. नागपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या कॉलेजांतली पदवीही नीटवर मिळते, आणि ती आपल्याकडे फार कमी पालकांच्या लक्षात येते. नर्सिंगसाठी राज्याची सीईटी वेगळी आहे, तिचा फॉर्म आधीच भरावा लागतो. पुण्याच्या एएफएमसीसाठी एमसीसीवर नोंद करून पुढे त्यांची स्वतःची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. सैन्यात सेवा करायची तयारी असलेल्या मुलाने तो पर्याय विसरू नये.

रिपीट करावं का, हे मार्कांवरून ठरवू नका. लागणाऱ्या रँकपासून तुम्ही किती दूर आहात, आणि मार्क गेले ते न शिकलेल्या धड्यांमुळे की शिकलेलं परीक्षेत न सुचल्यामुळे, हे उत्तरपत्रिका समोर घेऊन बघा. पहिल्या प्रकारचा मुलगा एका वर्षात मोठी उडी घेऊ शकतो. तिसऱ्यांदा बसणाऱ्या मुलाला मात्र आधी त्याचं स्वतःचं मन विचारा. वयाची वरची अट आता उरलेली नाही, म्हणून वर्षामागून वर्षं द्यायची असा त्याचा अर्थ होत नाही.

परदेशी एमबीबीएसची जाहिरात निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून दारात येते. तिथे जायलाही नीट पात्रता लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर परवाना परीक्षा आहे आणि अनेक सत्रांत दहांपैकी दोन-तीनच जण ती पार करतात. एजंट हा भाग सांगत नाही. तसाच "मॅनेजमेंट कोट्यात बसवून देतो, आधी टोकन द्या" म्हणणाराही खरं सांगत नाही. एमबीबीएसची एकही जागा केंद्रीय किंवा राज्याच्या समुपदेशन प्रक्रियेबाहेर भरता येत नाही. असा प्रवेश टिकत नाही आणि पैसेही परत येत नाहीत.

शेवटी कागद. रँक असूनही जागा हातची जाते ती बहुतेक वेळा जात वैधता प्रमाणपत्रामुळे. पडताळणी समितीकडे अर्ज अकरावीतच टाका. वंशावळ, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंदी गोळा करायलाच महिने जातात. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षाचं लागतं, म्हणून दोन्ही एप्रिलमध्ये नव्याने काढा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एक अक्षरानेही वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. जागा मिळाल्यावर कॉलेजात जाऊन हजर व्हायला चार-पाच दिवसच मिळतात आणि त्यात रविवार, सुट्टी धरूनच मोजणी होते. मूळ कागदांच्या तीन झेरॉक्स सोबत ठेवा, फीचा डिमांड ड्राफ्ट कुणाच्या नावाने ते कॉलेजला फोन करून विचारा, आणि शक्यतो शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी पोचा. मूळ कागद जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय आणि प्रवेशाची नोंद ऑनलाइन झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून निघू नका.